घरच्याला कसला मान

आमच्या घरात दोन सख्खे भाऊ चार-पाच दिवसांतून एकदा बोलायचे, आणि तेही पाण्यापुरतं.

सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येतं, कधी पाच होतात, आणि यायची वेळ पाण्याच्या मर्जीवर. आमच्या घराला नळ एकच होता, खालच्या अंगणात, गुडघाभर खड्ड्यात. खाली माझे थोरले दीर आणि जाऊ राहतात, वर आम्ही. दीर रेल्वेतून रिटायर झालेत. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपला जन्मभर गाडीनं जाऊन-येऊन नोकरी केली, त्यामुळे वाट बघण्याची त्यांना सवय आहे. पाण्याच्या दिवशी ते नळाजवळ स्टूल टाकून बसायचे. आधी नळात हवा फुसफुसते, मग गढूळ थेंब पडतात, मग धार लागते. धार लागली की ते जिन्याच्या खालच्या पायरीपाशी यायचे आणि वर तोंड करून म्हणायचे, "पाणी आलं." वरून माझा नवरा म्हणायचा, "मोटर लावा." गच्चीवरची टाकी वाहायला लागली की पुन्हा तोच ओरडायचा, "भरली." झालं. पुढचे चार दिवस घरात दोन पुरुष राहतात हे फक्त चपलांवरून कळायचं.

त्या बोलण्यात हाक कुठेच नव्हती. माझ्या नवऱ्यानं पन्नाशी ओलांडली, डोक्यावरचे केस गेले, तरी दीर त्याला 'बारक्या' म्हणायचे. भर गल्लीत, त्याच्या कंपनीतल्या माणसांसमोरसुद्धा. त्याला ते आवडायचं, हे मला तो शब्द बंद झाल्यावर कळलं. आमच्या गल्लीत येणारा-जाणारा एकमेकांना जय भीम घालतो, अगदी ज्याचं तोंड बघवत नाही त्यालाही. पण हे दोघं जिन्यात समोरासमोर आले की एक जण भिंतीला पाठ लावून वाट देणार आणि दुसरा खाली बघत निघून जाणार. रविवारी विहारात दोघंही वंदनेला बसायचे. डोळे मिटून सगळ्या प्राणिमात्रांचं भलं चिंतायचे, आणि मग वेगवेगळ्या वाटांनी एकाच घरी यायचे.

मी स्वतः तापट बाई आहे. मला राग आला की आधी भांड्यांना कळतं, मग शेजाऱ्यांना, आणि तासाभरात सगळं संपून मी चहा टाकते. माझ्या माहेरी सगळे असेच. माझे वडील आणि चुलते एकमेकांच्या अंगावर धावून जायचे आणि संध्याकाळी एका ताटात भजी खायचे. सासरी आले तर इथली तऱ्हाच निराळी. इथे राग गिळतात. माझे सासरे गिरणीत होते, तेही म्हणे गिळायचे. गिळलेलं पोटात राहतं आणि कुजतं, हे ह्या घरातल्या पुरुषांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

झालं काय, ते सांगते. सांगायला लाज वाटावी इतकं ते छोटं आहे.

माझ्या पुतणीचं लग्न होतं, दिरांच्या मुलीचं. माझ्या नवऱ्यानं चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या कंपनीतून रजा काढली आणि स्वतःची मुलगी असल्यासारखा राबला. कार्यालय ठरवणं, आचारी बघणं, पाण्याचा टँकर आणणं, सगळं त्याच्या अंगावर. लग्नाच्या दिवशी तर त्याच्या शर्टाची घामानं भिजलेली पाठ सुकलीच नाही. मंगल परिणय झाला, फुलं पडली, आणि मग माइकवर मानपान सुरू झाले. आमच्याकडे लग्नात मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी देतात. ज्या गावात टॉवेल विणतात त्या गावात मानालाही टॉवेलच असणार. नाव पुकारायचं, माणसानं स्टेजवर जायचं, यजमानानं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवायची, खांद्यावर टॉवेल घालायचा. फोटो निघतो, टाळ्या पडतात.

मुलाकडच्यांची नावं झाली. विहारातल्या मोठ्या माणसांची झाली. जावेच्या दोन्ही भावांची झाली. अक्कलकोटहून आलेल्या चुलत दिरांचं झालं. मी बायकांच्यात बसून बघत होते. माझा नवरा भाताचं घमेलं खाली ठेवून स्टेजच्या कडेला येऊन उभा राहिला होता. त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि शर्ट पँटीत खोचला. नाव पुकारतील म्हणून त्यानं शर्ट खोचला. मग माइकवाला म्हणाला की मानपान संपले आहेत, पाहुण्यांनी जेवायला चलावं. तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. नंतर घमेलं उचलून वाढायला गेला.

बस, एवढंच. त्या दिवशी त्यानं भांडी मोजून आचाऱ्याच्या ताब्यात दिली, पुतणीला गाडीत बसवून दिलं, रडलाही तिच्यासाठी. घरी आला आणि भावाशी बोलायचा बंद झाला.

मला हे कळायला आठवडा लागला, कारण हा मनातलं सांगणारा माणूस नव्हे. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "समद्यांना दिला. मलाच न्हाय." मी तडक खाली गेले. जावेला मी अक्का म्हणते. ती घरी मशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवते. तिचं मशीन माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली आहे, त्यामुळे तिचा दिवस कसा चाललाय हे मला वर कळतं. मी तिला म्हटलं, "अक्का, हे काय केलं तुम्ही?" तिला आधी समजेचना. समजलं तेव्हा तिनं हातातलं कापड खाली ठेवलं. आत दीर पेपर वाचत होते, त्यांनाही ऐकू गेलं असणार. ते बाहेर आले आणि मला म्हणाले, "अगं, घरच्याला कसला मान? मान परक्याला द्यायचा असतो. त्यो आणि मी का येगळे हाय? देणारा बी त्योच की."

मी खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी धावत वर गेले आणि जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं, आता हा चप्पलसुद्धा न घालता खाली जाणार. तो म्हणाला, "मग चुलत भावाला दिला, त्यो परका का?"

दिरांनी चुलत भावाचं नाव घातलं ते तो लांबून आला म्हणून. पण ते सांगायला खाली-वर किती वेळा जाणार? आणि मी निरोप नेला की रस्त्यात त्याचा अर्थ बदलायचा. दीर म्हणायचे, "त्याला काय पायजे त्ये सांग म्हणावं," आणि वर पोचेपर्यंत त्याचा टोमणा झालेला असायचा. शेवटी मीच चिडून निरोप पोचवायचं बंद केलं.

गल्लीतल्या थोर मंडळींनी बैठक घेऊन बघितली. दोघांना विहारात बोलावलं, चहा दिला, मधोमध सतरंजी टाकली. दोघंही वेळेवर आले. काय भांडण आहे म्हणून विचारलं तर दीर म्हणाले, "आमचं काय भांडण न्हाय." माझा नवराही म्हणाला, "न्हाय, भांडण कशाचं?" आणि ते खरंच होतं. कोणी कोणाला शिवी दिलेली नव्हती, कोणी कोणाचं काही घेतलेलं नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. मंडळींनी चहा संपवला, दोघांच्या पाठीवर हात फिरवला आणि सोडून दिलं.

आम्ही बायका बोलायचो. उघडपणे नाही, पण बोलायचो. माझा नवरा ड्यूटीवर आणि दीर विहारात किंवा बाजारात, असा मोकळा वेळ सापडला की मी खाली किंवा ती वर. तिनं शेंगाची चटणी कुटली की वाटीभर वर यायची, पण नवऱ्याला सांगायचं की शेजारणीनं दिली. तो वाटी पुसून खायचा. त्या चटणीची चव त्याला लहानपणापासून ठाऊक होती, आईच्या हातून अक्काच्या हातात आलेली. त्याला कळत नसेल असं मला कधीच वाटलं नाही.

ह्या काळात मी नोकरी करते त्या ऑफिसात एक ट्रेनिंग झालं. पुण्याहून एक तरुण मुलगी आली होती, भिंतीवर चित्रं दाखवत होती. विषय होता राग आणि नातेसंबंध. ती म्हणाली, राग आला की दहा आकडे मोजा. आमच्या शिपायानं विचारलं, "आन् मोजून झाल्यावर?" सगळे हसले. ती बिचारी गोरीमोरी झाली. मग तिनं सांगितलं की 'तू असं केलंस' असं म्हणायचं नाही, 'मला असं वाटलं' असं म्हणायचं. मला ते पटलं. आमच्या घरात नेमकं हेच तर कोणी म्हणत नव्हतं. मी घरी आले आणि जेवताना नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही दादांना जाऊन एवढंच म्हणा, मला असं असं वाटलं." तो भाकरी मोडत म्हणाला, "मला असं वाटतं की तू आता गप बसावंस." ट्रेनिंगचा एवढाच उपयोग झाला.

डॉक्टरांनी त्याला रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि विचारलं, मनात काही ठेवता का? "न्हाई बा," म्हणाला. मी शेजारी बसले होते. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, पण मी तोंड मिटलं. त्या घराचा गुण मलाही लागला असावा.

मग माझ्याकडे राहिलं होतं ते फक्त पाणी. माझा सगळा जीव त्या पाण्याच्या दिवसात गोळा व्हायचा. ज्या दिवशी पाणी येणार त्या दिवशी नवरा घरी असला की मी मुद्दाम हात पिठात घालून बसायची किंवा न्हाणीघरात शिरायची. म्हणजे खालून हाक आली की त्यालाच उत्तर द्यावं लागायचं. तो ड्यूटीवर असला की दीर "पाणी आलं" म्हणायचे आणि वरून माझा आवाज आला की थोडे थांबायचे. त्या थांबण्यात जे होतं ते मला नीट कळायचं. मला वाटायचं, आज ना उद्या 'मोटर लावा'च्या पुढे एक शब्द वाढेल. 'मोटर लाव, दादा.' एवढा एक शब्द. चार-पाच दिवसांनी मी त्याची वाट बघायची.

पुढे आमच्या भागात नवी पाइपलाइन टाकली गेली. गल्ली खणली, वर्षभर धूळ खाल्ली, आणि मग ज्याला हवं त्याला वेगळं कनेक्शन मिळेल असं कळलं. एक दिवस माझ्या नवऱ्यानं कागद आणला. म्हणाला, "वरच्या मजल्याला येगळा नळ घेऊ. घर दोघांच्या नावावर हाय, त्यांची संमती लागंल. सही आण." मी म्हटलं, "मी नाही आणणार. आहे तो नळ वाहतोय की." तो म्हणाला, "सही घेऊन तर ये. देत्यात का बगू."

देतात का बघू. तेव्हा मला उमगलं, ह्याला नळ नको होता. ह्याला वाटत होतं, कागद बघून भाऊ जिना चढून वर येईल आणि म्हणेल, येडा का खुळा तू, येगळा नळ कशाला? एकदा रागवेल. रागावला तरी चालणार होतं.

मी कागद खाली नेला. दीर खाटेवर बसले होते. त्यांनी चष्मा लावला, कागद सरळ धरला आणि सगळा वाचला. मग पेन मागून सही केली. अक्का मशीन थांबवून बघत होती. मी म्हटलं, "दादा, एकदा वर येऊन बोला की." ते म्हणाले, "त्याला आमच्या हाकंचा तरास होत आसंल. त्याचं सुख त्यात आसंल तर मी आडवा का येऊ?" आणि त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिला. त्यांचं तोंड पार उतरलं होतं.

वर आले तर हा दारातच उभा. "लगीच केली?" म्हणाला. मग कागद उलगडून सही बघितली. दीर काय म्हणाले ते मी सांगितलं. तो म्हणाला, "बग. त्यालाच सुटका पायजे हुती." मी तिथेच भांडले त्याच्याशी. म्हटलं, तुम्ही दोघं चांगुलपणानं एकमेकांचा जीव घ्याल एक दिवस. एक जण नको असलेलं मागतो, दुसरा इच्छा नसताना देतो, आणि मध्ये मी जिना चढते-उतरते. मी पातेलं आपटलं. तो खुर्चीवर बसून राहिला, त्याच्या हातातल्या कागदाकडे बघत. मला त्याची दयाही आली आणि चीडही, आणि दोन्ही एकदम आल्या की माणसाला काहीच करता येत नाही.

नळ बसला. आमचा वेगळा, त्यांचा वेगळा. लोक म्हणाले, बरं झालं, कटकट गेली. नव्या नळाला पहिल्यांदा पाणी आलं तो दिवस सुट्टीचा होता. मी जिन्याच्या वळणावर कपडे वाळत घालत होते. खाली धार लागल्याचा आवाज आला. दीर स्टुलावरून उठले, सवयीनं जिन्याच्या पायरीपाशी आले आणि वर तोंड केलं. मग थांबले. मी दिसले तेव्हा जरा हसल्यासारखं केलं आणि परत नळाकडे गेले. वर माझ्या नवऱ्यानं आमची मोटर आधीच सुरू केली होती.

त्यानंतर घरात खरी शांतता आली. मी मध्ये पडायचं सोडून दिलं. अक्काचं मशीन खाली चालायचं, वर माझा कुकर शिट्ट्या मारायचा, आणि दोन भाऊ एका छपराखाली म्हातारे होत होते.

मग पुण्याला नोकरीला असलेल्या पुतण्याचं, दिरांच्या मुलाचं, लग्न ठरलं. एक दिवस अक्का वर आली, तोंडावर पदर धरून हसू दाबत. म्हणाली, "कुणाला बोलू नगंस. ह्या बारीला पयलं नाव भावजींचं हाय. ह्यांनी सोता माइकवाल्याला सांगितलंय. टॉवेल तर असला आणलाय, बगशील तू." ती पुढे म्हणाली, "ह्ये म्हणत्यात, मागल्या बारीला माजं चुकलं. येवढ्यासाठी माणूस तुटला." मी अक्काला मिठी मारली. खोटं कशाला बोलू, मला वाटलं आता मिटलं. इतकी वर्षं जे एक वाक्य खालून वर यायला हवं होतं, ते आता माइकवरून येणार होतं. मी नवऱ्याला काही बोलले नाही. त्याला अचानक आनंद व्हावा असं मला वाटत होतं.

लग्नाच्या तयारीत एक गोष्ट मला खटकायला हवी होती. ह्या वेळी त्याला कोणी काही काम सांगितलं नाही. दिरांनी सगळ्यांना बजावलं होतं, बारक्याला तरास द्यायचा न्हाई, त्याचा मान ठेवायचा. आचारी चुलत दिरांनी बघितला. टँकर पुतण्याच्या मित्रांनी आणला. लग्नाच्या दिवशी आम्ही कार्यालयात गेलो तर दारात आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. माझा नवरा आत शिरला आणि सवयीनं खुर्च्यांची रांग सरळ करायला लागला. मांडववाला धावत आला, "अवो काका, तुमी बसा की हितं," म्हणाला आणि त्याला पुढच्या सोफ्यावर बसवलं. तो बसला. हात कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं. एकदा मांडीवर ठेवले, एकदा घडी घातली.

मंगल परिणय झाला. माइकवाल्यानं घसा साफ केला आणि पुकारलं, "मानाचं पहिलं नाव, आमचे यजमान ज्यांना विनंती करत आहेत, ते त्यांचे धाकटे बंधू, श्रीयुत..." आणि त्यानं संपूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. त्या घरात लहानाचा मोठा झालेला माणूस एखाद्या पत्रिकेतून वाचून दाखवावा तसा पुकारला गेला. माझ्या शेजारी अक्कानं माझा हात दाबून धरला.

तो उठला, स्टेजवर गेला. दिरांनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, ती नीट बसवली, खांद्यावर जाड टॉवेल घातला. मग दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "जय भीम." त्यानंही हात जोडले, "जय भीम." फोटोवाल्यानं दोघांना जवळ सरकायला सांगितलं. ते सरकले. मग माझा नवरा भावाला म्हणाला, "आभारी हाय." दीर जरा गोंधळले. म्हणाले, "आभार कशाचं, या, बसा." ते त्याला 'बसा' म्हणाले. मान द्यायचा म्हणून म्हणाले, मला माहीत आहे. सगळं कार्यालय टाळ्या वाजवत होतं, अक्का रडत होती आणि माझ्या कानात म्हणत होती, "मिटलं गं बाई, मिटलं." मी "व्हय की," म्हटलं. मला ते 'बसा' खुपत होतं, पण तिच्या तोंडाकडे बघून दुसरं काही म्हणवेना.

टॉवेल-टोपीवाल्या माणसांना पहिल्या पंगतीला बसवायची आमच्याकडे रीत. कार्यकर्त्यांनी त्याला धरून नेलं आणि पाहुण्यांच्या रांगेत पहिल्या ताटावर बसवलं. तो जेवला. आग्रह केला तेव्हा नको म्हणाला, पाहुणे म्हणतात तसं. हात धुऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चल, निघू." मी म्हटलं, "अहो, आत्ताच? अजून सगळं आवरायचंय." तो म्हणाला, "आवरणारे आवरतील. पाहुण्यांनी किती थांबायचं?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी थांबले असते आणि भांडले असते. मी पर्स उचलली.

रिक्षा अक्कलकोट रोडवरून शहरात शिरली तेव्हा अक्काचा फोन आला. मागे भांड्यांचा आणि बोलण्याचा कल्ला होता, त्यामुळे ती ओरडूनच बोलत होती, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला सगळं ऐकू जात होतं. "अगं, कुटं हाय तुमी? भावजींना पाठीव की आत. पाहुणे समदे गेले, आता घरची पंगत बसलीया. ह्यांनी बाजूला ताट वाढून ठिवलंय. म्हणत्यात, बारक्या येऊ दे, मग हात लावू."

घरची माणसं लग्नात सगळ्यांच्या शेवटी जेवतात. ह्या दोघांनी आयुष्यभर प्रत्येक कार्यात असंच शेजारी बसून तळाचा भात खाल्ला होता. ते मला त्या क्षणी आठवलं आणि त्यालाही आठवलं असणार. मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. फोनवर तळवा धरून नवऱ्याला म्हटलं, "परत चला." पुन्हा म्हटलं, "दोन घास खाल्ले तर पोट फुटणार आहे का? तो माणूस ताट वाढून बसलाय." मी रस्त्यावर ओरडत होते, दोन-तीन लोक बघायला लागले. तो समोर बघत म्हणाला, "पयल्या पंगतीला जेवलेला माणूस घरच्या पंगतीला कसा बसंल? सांग तिला. जेवलो म्हणावं."

तिकडून अक्का "हॅलो, हॅलो" करत होती. मग मी म्हटलं, "अक्का, ते जेवलेत."

तिनं तिकडे सांगितलं, "अवो, भावजी जेवल्यात म्हणं." फोन तिनं बंद केला नव्हता. दिरांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, आणि माझ्या शेजारी त्यांच्या भावालाही.

"जेवला का? बरं झालं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला वाटलं, थांबंल."

रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, फिरवू का? माझ्या नवऱ्यानं मान हलवून नको म्हणून सांगितलं.